आवळलेलं मनगट

माझे दीर नळजोडणीची कामं करतात. स्वतःचं काम सोडून त्यांना जगातलं सगळं कळतं. गळती दिसली की पाना घेऊन आवळत सुटायचं, एवढी एकच विद्या त्यांच्याकडे आहे. आमच्या न्हाणीघरातली तोटी त्यांनी अशी आवळून ठेवली आहे, की ती उघडायला शेजारच्यांना हाक मारावी लागते. वर म्हणतात, "वहिनी, थेंब पडतोय का बघा!" थेंब कसला पडतोय, आंघोळच होत नाही.

तर आमच्या ह्यांच्या हृदयाची अँजिओग्राफी झाली त्या दिवशी भाऊजींची स्वारी सकाळपासून दवाखान्यात हजर. हल्ली नळी मांडीतून न घालता मनगटातून घालतात, ह्यांच्याही उजव्या मनगटातून घातली. हृदय ठीक निघालं. पण मला धास्ती हाताची होती. हे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. तापलेल्या सुरीने मेणाचा दात कोरताना अंगठ्याला केसभर फरक कळावा लागतो. तो अंगठा गेला तर ह्यांना दुसरं काय येतं? चहासुद्धा येत नाही.

नळी काढल्यावर मनगटाला पारदर्शक पट्टा बांधला. त्यात सिरिंजने हवा भरलेली होती. सिस्टरनी बजावलं, "रक्त थांबेल एवढाच दाब ठेवलाय. जास्त झाला तर नस आतून बंद पडते. हवा मी हळूहळू काढीन, तुम्ही हात लावायचा नाही." आणि पुन्हा लागेल म्हणून सिरिंज तिथेच टेबलावर ठेवली.

मी औषधं आणायला खाली गेले. परत येते तर ह्यांची बोटं निळसर, थंडगार. पट्टा फुग्यासारखा टम्म फुगलेला आणि सिरिंज भाऊजींच्या हातात.

"थोडं रक्त दिसलं, वहिनी," ते म्हणाले. "म्हणून जरा..."

"म्हणून आवळलंत!"

सिस्टर धावत आल्या, हवा सोडली. बोटांचा रंग परतला, पण मनगटाला नाडी लागेना. डॉक्टरांनी अंगठ्याला नाडी दाखवणारा चिमटा लावून करंगळीच्या बाजूची नस दाबली, तशी पडद्यावरची नाडीची लाट सपाट झाली. म्हणजे अंगठ्याच्या बाजूची नस बंद पडली होती.

"हात जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरी नस रक्त पुरवते. बहुतेकांना काही जाणवतही नाही. पण ह्यांचं काम बारीक आहे, काम करताना अंगठ्याला कळ लागू शकते. गुठळी ताजी आहे. दुसरी नस तासभर दाबून धरू. सगळं रक्त इकडून जोर करेल. कधीकधी वाट मोकळी होते."

डॉक्टर दाबत होते तेवढ्यात मी दिरांना बाजूला घेतलं. बाजूला कसलं, सगळ्या वॉर्डला ऐकू जात होतं. म्हटलं, तुम्हाला माणूस आणि मोरी यातला फरक कळतो का? सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलात. उद्या कवळ्या तुम्ही कोरणार आहात का? चालते व्हा!

एरवी शेवटचा शब्द आपलाच हवा असणारा हा माणूस खाली मान घालून गेला. हे पलंगावर छताकडे बघत पडले होते. मला वाटलं, दुखत असेल.

तासाभराने डॉक्टरांनी पुन्हा करंगळीकडची नस दाबली आणि लाट हलली. आधी बारीक, मग चांगली उंच. मनगटाला नाडी लागली. मला रडूच आलं. मी ह्यांचा अंगठा धरून बसले, तो ऊबदार झाला होता.

सगळे गेल्यावर हे मजेत म्हणाले, "त्याला उगाच झापलंस. रक्त बघून मीच घाबरलो. मीच म्हटलं, हवा भर. तो सिस्टरला बोलावतो म्हणत होता. मी म्हटलं, ती येईपर्यंत मरू का मी? अजून भर, अजून भर."

"मग मी बोलत होते तेव्हा तुमचं तोंड कुठे गेलं होतं?"

"तू एवढी चिडली होतीस. मध्ये कशाला पडा?" आणि हसले. "त्याला सवय आहे तुझी."

मी अंगठा सोडला. बावीस वर्षं ह्या माणसाला मी गरीब स्वभावाचा समजत होते. हा गरीब नाही, हा निव्वळ भित्रा आहे. आणि दुसऱ्याच्या आड लपायला ह्याला जराही लाज वाटत नाही.

बाहेर जाऊन दिरांना फोन लावला. माफी कशी मागायची ते जुळवत होते, तर पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"वहिनी, दादाचा हात गरम झाला का?"

"हात उत्तम आहे, भाऊजी," मी म्हटलं. "बाकी माणसात काही राम नाही."