चौकाच्या तोंडावरचा मधला खांब

मी एक जुना लोखंडी खांब आहे, मित्रांनो, आणि माझ्या आयुष्यात मोठे असे काहीच घडलेले नाही. हसू नका. ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो आहे.

बाजारचौकाच्या तोंडाशी आम्ही भावंडे ओळीने उभी आहोत. आमच्यामधून माणूस जातो, बाबागाडी जाते, चाकांची खुर्चीसुद्धा जाते. मोटार मात्र जात नाही. बाकीची भावंडे जमिनीत कायमची गाडलेली आहेत. मी मधला, आणि मला कुलूप आहे. रुग्णवाहिका किंवा मालाची गाडी आली, की किल्ली फिरवून मला भोकातून उपसून काढायचे आणि काम झाले की परत बसवायचे, असा नियम.

माझा जन्म एका वेल्डरच्या हातचा. कारखान्याच्या आवारात चाचणीसाठी माझ्या एका भावावर माल भरलेला ट्रक सोडला होता. ट्रकमध्ये अर्थातच कोणी नव्हते. ट्रकचे नाक चेपले. भाऊ वाकला, पण उखडला नाही. वेल्डरने त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हटले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच मूठभर मांस चढले, लोखंडाला चढते तेवढे.

आमची गरज पडली ती एका वाईट दिवसामुळे. दूरच्या एका शहरात कोणा माणसाने भरल्या बाजारात मुद्दाम गाडी घातली होती. भाजी घ्यायला गेलेली साधी माणसे, त्यातली काही घरी परतलीच नाहीत. मग सरकारने धोरण ठरवले, की जिथे लोक पायी जमतात तिथे गाडी घुसू शकणार नाही असा बंदोबस्त हवा, आणि त्याची वेळोवेळी तपासणीही हवी. पालिकेच्या इंजिनिअरबाईंनी दोरी धरून आमच्या जागा आखल्या आणि आम्ही उभे राहिलो. आजोबा मंडळी माझ्या डोक्यावर पिशवी टेकवून दम खात. मुले माझ्यावरून उड्या मारत. मला फार बरे वाटे.

पण नव्याचे नऊ दिवस. मालाच्या गाड्या दिवसभर कधीही येत. मला उचलायला दोघे लागत आणि मग दोघांचीही कंबर धरे. किल्ली चौकातल्या बेकरीवाल्याकडे असे. एकदा तो वैतागून म्हणाला, "राहू दे रे त्याला आडवा. संध्याकाळी लावू." संध्याकाळ झाली, मी आडवाच. दुसऱ्या दिवशीही आडवा. शेवटी बेकरीच्या भिंतीकडेला माझा मुक्कामच पडला. एका कुत्र्याने मला आपली हद्द ठरवले, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

मग तपासणी होणार असे कळले. बेकरीवाल्याने शक्कल लढवली आणि चौकातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला गाठले. पेंटरने प्लॅस्टिकची एक पोकळ नळी घेतली. तिला माझा रंग दिला, माझे पांढरे पट्टे दिले, माझा पोपडा उडालेला भागसुद्धा काढला. तपासनीस स्कूटरवरून आले, ओळ पूर्ण दिसली, पुढे गेले. "काय हात आहे तुझा!" बेकरीवाल्याने पेंटरची पाठ थोपटली. मी भिंतीकडेला पडून ऐकत होतो. मला रडू आले, पण लोखंडाला रडता येत नाही, नुसता गंज चढतो.

काही दिवसांनी चौकात शाळेच्या मुलांचे गाणे होते. पेंटरची मुलगीही गाणार होती. भाचीसाठी पेंटरची धाकटी बहीण दूरच्या शहरातून आली होती. हो, त्याच शहरातून. गाडी घुसली त्या दिवशी ती बाजारातच होती. तेव्हापासून ती कुबडी घेऊन चालते आणि गर्दीत जायला बिचकते.

"दादा, खांब लागलेत ना इथे?" तिने आल्या आल्या विचारले.

"लागलेत गं. बघ की, ओळीने उभे आहेत. बस तू निवांत." पेंटरने मान वर न करता सांगितले.

भावाच्या शब्दावर तिने रस्त्याकडे पाठ करून खुर्ची घेतली. माझा जीव खालीवर होत होता. मागून एखादी गाडी आली असती तर? मी तर आडवा!

गाडी आली नाही, वारा आला. तो तोतया खांब भोकातून उडाला आणि टणाटण उड्या मारत तिच्या खुर्चीशी येऊन थांबला. पेंटरच्या मुलीने तो एका हाताने उचलून धरला. "बाबा, खांब उडाला!" सगळा चौक खो खो हसला.

तिची आत्या हसली नाही. तिने ती नळी मांडीवर घेतली आणि अंगठ्याने दाबली. नळी चेपली.

"तुझ्या हातचे पट्टे मी कुठेही ओळखेन, दादा," ती हळूच म्हणाली. "आमच्या बाजारासाठीही त्या दिवसाच्या आधीच खांब आले होते रे. लावायचे राहिले. गोदामात पडून होते."

पेंटर भिंतीकडे धावला आणि एकटाच मला उचलायला लागला. मी कसला हलतोय! तेवढ्यात बेकरीवाला आला, फळवाली मावशी आली, गाणे शिकवणारे सरही बाही वर करून आले. इतके हात माझ्या अंगाखाली पूर्वी कधी लागले नव्हते. मी भोकात धप्प करून बसलो. कुलूप गंजले होते. बेकरीवाल्याने पावाच्या साच्यांना लावायचे तेल त्यात ओतले, तेव्हा कुठे किल्ली फिरली.

खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात. आत्या कुबडी टेकत आली, माझ्या डोक्यावर हात ठेवून तिने मला जोर लावून हलवले. मी तसूभरही हललो नाही. मग ती पुन्हा रस्त्याकडे पाठ करून बसली आणि भाचीला म्हणाली, "गा आता."

पुढे बेकरीवाल्याने स्वतःच जाऊन इंजिनिअरबाईंना सगळे सांगितले. त्या रागावल्या, आणि मग त्यांनी मला स्वतः उचलून पाहिले. "नियम केला, पण उचलणाऱ्याच्या कमरेचा विचार आम्ही केलाच नाही," त्या म्हणाल्या. माझ्याखाली स्प्रिंग बसली. आता फळवाली मावशीही मला एकटी जमिनीत सरकवते आणि वर काढते. मालाच्या गाड्या बाजार उघडण्याआधीच येऊन जातात. तपासनीसांनी खाली उतरून प्रत्येक खांब हाताने हलवून पाहायचा, असा नियम साऱ्या शहरासाठी झाला. तोतया खांब कापून पेंटरने त्यात कुंचले ठेवले आहेत.

वर्षे गेली. आमच्यावर कोणतीही गाडी चालून आली नाही. रोज पाव भाजला गेला, फळे विकली गेली, मुले गायली आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. माझ्या आयुष्यात हे एवढेच घडले, मित्रांनो, आणि ते रोज घडले.

तेव्हा माझ्याजवळून जाल तेव्हा मला एकदा हलवून बघा. सैल लागलो तर मोठ्या माणसांना सांगा, आणि त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा.

आत्या अजून दर वर्षी गाण्याला येते. आधी मला हलवून बघते. मग रस्त्याकडे पाठ करून बसते.