मढ्याला टोपडं

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. अंधारात हातात धरून फिरता ती चिमुकली बॅटरी नव्हे. मी ट्रॅक्टरची, बारा व्होल्टची, उचलताना भल्याभल्यांना कंबर धरायला लावणारी. सध्या मी एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात उभी आहे. वरून झाकण घट्ट लावलेलं आहे, त्यामुळे तुमची तोंडं मला दिसत नाहीत. ते बरंच आहे. मला जे सांगायचं आहे ते मान वर करून सांगण्यासारखं नाही.

माझ्या पोटात सहा खण. प्रत्येक खणात शिशाचे पत्रे आणि त्यांना बुडवून ठेवणारं ॲसिड. डोक्यावर शिशाची दोन टोकं. १९९९ साली मला वारणानगरजवळच्या हंबीररावांच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरात बसवलं. ऊसतोडीच्या दिवसांत भल्या पहाटे, हातपाय गारठून जावेत अशा थंडीत, मी एका किल्लीत इंजिन उठवत असे. हंबीरराव कौतुकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत, "ही हाय म्हणून ट्रॅक्टर हाय. न्हायतर लोखंडच की निस्तं!" ते ऐकून मी फुगून जायची. खोटं कशाला बोलू, स्तुती कुणाला नको असते?

पण कौतुक पहिली दोन वर्षंच टिकलं. पुढं माझ्या खणांत पाणी घालायची आठवण कुणाला राहिली नाही. पत्रे उघडे पडले, अंगावर पांढरी बुरशी चढली. पाचव्या वर्षी किल्ली फिरवली की मी नुसती कण्हायची आणि चार माणसं ट्रॅक्टर ढकलायची. "मेली ही, काढा," हंबीरराव म्हणाले, आणि मी गोठ्यामागं जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. एकदा सायकलवरचा भंगारवाला आला. म्हणाला, "आतलं पाणी वतून द्या, मग न्हेतो." पाणी म्हणजे माझं ॲसिड! शेजारच्या रानात एकानं तसं ओतलं होतं. तिथल्या बांधावर दोन पावसाळे गवत उगवलं नाही. माझं नशीब थोर म्हणून हंबीररावांनी नवी बॅटरी घेताना मला दुकानात परत दिलं आणि मी भरल्या पोटानं उचगावला आले.

उचगावला गणपतरावांचं बॅटरीचं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या परत घ्यायच्या आणि शिसं गाळणाऱ्या कारखान्याला पाठवायच्या, असा तेव्हा नवा नियम झाला होता. ते काम सरुबाईंकडं होतं. पन्नाशीच्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. कारखान्याच्या माणसानं त्यांना ते काम एकदाच दाखवलं होतं. तेवढ्यावर त्यांना सगळं तोंडपाठ झालं. हातात रबरी मोजे चढवून त्या आमची अंगं ओल्या फडक्यानं पुसत. सगळी बुचं घट्ट करत. कुणाला चीर गेली असेल तर तिला वेगळ्या पिंपात ठेवत. बाकीच्यांना लाकडी फळीवर उभ्यानं मांडून मध्ये पुठ्ठे घालत आणि पट्ट्यानं आवळत, म्हणजे रस्त्यात कुणी कलंडायला नको. आणि सगळ्यांत आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आमच्या दोन्ही टोकांवर टोपडं घालावं तसे बसवत.

दुकानातला कृष्णात त्यांची थट्टा करायचा. सव्वीस वर्षांचा, हसतमुख, हाताला चपळ.

"मावशी, मढ्याला टोपडं कशाला शिवतीस?"

"मढं न्हवं ते," सरुबाई मान वर न करता म्हणायच्या. "थकलीया निस्ती. अजून धग हाय तिच्यात."

मित्रांनो, सगळ्या जगानं मेली म्हटल्यावर एका बाईनं मला थकलेली म्हटलं. मला तिथंच राहावंसं वाटलं.

सरुबाईंच्या कामाच्या जागी स्वच्छ पाण्यानं भरलेली एक बादली नेहमी असायची. ती तिथंच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मावशीची सवय, एवढंच सगळे समजत.

त्या वर्षी गणपतरावांनी टेम्पो घ्यायचं ठरवलं होतं. दसऱ्याला तो दारात येणार आणि कृष्णात तो चालवणार, आम्हाला घेऊन थेट कारखान्यापर्यंत जाणार. लायसन्स त्यानं केव्हाच काढून ठेवलं होतं. टेम्पोच्या काचेवर 'चांगभलं' लिहायचं, तेही पिवळ्या अक्षरांत, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ऐकवलं होतं. मला तर ते पाठच झालं होतं.

दसऱ्याला सरुबाई दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीला जात. गल्लीतल्या बायकांबरोबर त्या अष्टमीलाच निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कृष्णात, त्या टोकांवरचं रबर काढू नगंस. आन वर काय ठेवू नगंस."

"व्हय व्हय. तू जा निवांत."

दुसरा दिवस खंडेनवमीचा. हत्यारांच्या पूजेचा. कृष्णातनं सकाळी उठून अख्खं दुकान धुतलं. दुपारी लाईट जाणार म्हणून पूजेभोवती माझ्यावर दिव्यांची माळ लावायची त्याची कल्पना. त्यासाठी त्यानं मला फळीवरून उतरवलं, टोपडी काढली, बुचं सैल केली आणि दोन-तीन तास चार्जरला लावलं. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात ताकद आली. खणाखणांतून बुडबुडे निघू लागले. त्या बुडबुड्यांत पेट घेणारा वायू असतो, हे मला ठाऊक होतं. पण मला वाचा नाही, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला होता. माळ लागली, दिवे उजळले. गणपतराव म्हणाले, "वा! म्हातारी अजून दमदार हाय की!" हंबीररावांनंतर पहिल्यांदाच कुणी माझं कौतुक केलं होतं.

चौरंग सापडेना. मग पाने, पक्कड ही हत्यारं मांडायला कृष्णातनं सरुबाईंची बादली रिकामी करून पालथी घातली आणि तिच्यावर लाल कापड अंथरलं. पूजा झाली. त्यानं माझ्या दोन्ही टोकांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग खाली वाकून नारळ उचलायचा म्हणून हातातलं पितळेचं तबक क्षणभर माझ्या डोक्यावर टेकवलं.

माझी दोन्ही उघडी टोकं त्या पितळेनं एकमेकांना जोडली गेली.

ठिणगी उडाली. मोठा आवाज झाला आणि माझं डोकं फुटलं. माझ्या पोटातलं ॲसिड वाकलेल्या कृष्णातच्या तोंडावर उडालं.

"आये! डोळं! माझं डोळं!"

"पाणी! पाणी आणा रे!" गणपतराव ओरडत होते. बादली पालथी होती. नळाला पाणी नव्हतं. समोरच्या टपरीवरून कळशी येईपर्यंत जो वेळ गेला, तो मी कधी विसरणार नाही. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

सरुबाई परतल्या. त्यांना कुणी काही सांगायच्या आधीच त्यांनी ती बादली सरळ केली, घासली आणि भरून जागेवर ठेवली. मग मला या पिंपात उभं केलं. झाकण तेवढं आज लावलं.

महिन्याभरानं कृष्णात आला. सरुबाई त्याच्याकडं बघेनात. तोच म्हणाला, "मावशी, तू सांगितलं हुतंस की. म्याच ऐकलं न्हाय."

"रबराचं सांगितलं हुतं," सरुबाई म्हणाल्या. "बादली कशाला ठेवती, ते म्या कुणालाच सांगितलं न्हाय." आणि त्या तिथंच खाली बसून रडल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

टेम्पो आला आहे. आज तो मला न्यायला दारात उभा आहे. त्यावर जयसिंगपूरचा कुणी ड्रायव्हर ठेवला आहे. काचेवर 'चांगभलं' लिहिलेलं आहे म्हणतात, मला काही ते दिसणार नाही. आता कृष्णातनं माझं पिंप उचलून दिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पावणं, आडवं करू नगासा हे. अजून धग हाय तिच्यात."

कारखान्यात मला वितळवतील. माझ्या शिशाची नवी बॅटरी होईल. कदाचित ती तुमच्याच दारातल्या गाडीत येईल. मित्रांनो, ती थकली की तिला गोठ्यामागं टाकू नका. तिचं ॲसिड ओतू नका. तिची टोकं झाका, तिला उभी ठेवा आणि जिथली तिथं परत पाठवा. आणि तुम्हाला एखादी काळजी घ्यायची सवय असेल, तर ती कशासाठी, हे शेजारच्या माणसाला तोंडानं सांगा.

पिंपाच्या बाहेरून नळाचा आवाज येतो आहे. हल्ली सरुबाईंची बादली कृष्णातच भरतो. उजव्या बाजूचा काठ त्याला दिसत नाही. बादली भरून वाहू लागते, पाणी पायाला लागतं, आणि मग तो नळ बंद करतो.