हिरव्या फाशाने वाटलेले बळ

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे, हिरव्या रंगाचा, कोपरे झिजलेला. प्रिन्सीने मला म्हापशाच्या बाजारातून आचऱ्याला आणले. ती शाळेत शिकवते. रविवारी दुपारी तिच्या पडवीत तिचा भाऊ ब्रॅंडन आणि शेजारची सख्खी भावंडे, ओमकार व किशोरी, जमत. खेळ गोष्टीचा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, प्रिन्सीने संकटे उभी करायची आणि त्यांनी ती निभावून न्यायची. कुणाच्या पात्राला बळ, चपळाई, बुद्धी किती, हे मात्र मला टाकून ठरे.

ओमकारच्या शिलेदारासाठी मी सहावर सहा पडलो. त्याने मला कपाळाला लावले. किशोरीने होडीवाली निवडली होती. तिच्या हातून मी एक नाहीतर दोनच पडत राहिलो. कसे पडायचे ते माझ्या हाती नसते, मित्रांनो. प्रिन्सी म्हणाली, पुन्हा टाक. ओमकार अडून बसला. "फाशान दिल्यान ता खरा."

पुढे दर रविवारी तेच. दरवाजा फोडायचा, तर शिलेदार फोडी. कोडे सोडवायचे, तर त्यालाच सुटे. एकदा होडीसुद्धा त्यानेच वल्हवली, तेव्हा किशोरी हळूच म्हणाली, "माझ्या होडीवालीन करूचा काय? नुसता बघीत रवाचा?" ओमकार हसला. ती उठून गेली, ती परत आलीच नाही. घरातही भावाशी बोलेनाशी झाली. मी डब्यात पडून राहिलो. मला माझ्याच ठिपक्यांची लाज वाटे.

अखेर प्रिन्सीने एका दुपारी ओमकारला होडीवाली घेऊन खेळायला बसवले आणि शिलेदार ब्रॅंडनला दिला. ओमकारचा एकही बेत तडीस गेला नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांका सारकेच गुण दी," तो म्हणाला, आणि बहिणीला बोलवायला स्वतः गेला.

किशोरी आली, पण भावापासून लांब बसली. आता गुणांची बेरीज सगळ्यांना सारखी होती. ती ज्याने त्याने हवी तशी वाटून घ्यायची. मला आता फक्त संकटाच्या वेळी टाकायचे; एक पडला की बेत फसला. तिने बळ कमीच ठेवले, चपळाई मात्र भरपूर घेतली. खेळातल्या तुफानात होडी सापडली आणि तिने मला टाकले. मी एक पडलो. होडी उलटली. ओमकारने मान खाली घातली.

किशोरीने मला पुन्हा उचलले. "बरा," ती म्हणाली, "आता काठापर्यंत पेवत जावया." आणि तिची होडीवाली पोहू लागली.

मित्रांनो, मला जपा आणि खुशाल टाका. पण खेळायला बसलेल्या कुणाचेही हात रिकामे राहू नयेत, एवढे तुम्ही बघा. ते मला करता येत नाही.