चिराशीचा बाजार

मी एक जुने जाहिरातपत्रक आहे. जपानमध्ये मला ‘चिराशी’ म्हणतात. माझ्या अंगावर एकतीस चित्रे, एकतीस किमती आणि एकशे अठरा शब्द आहेत. एक कोपरा फाटला आहे.

तिकडच्या एका किराणा दुकानासाठी माझी छपाई झाली. गुळगुळीत कागद, चमकदार शाई! पण विक्रीचा दिवस सरला आणि कोणीतरी माझा चोळामोळा करून मला परदेशी निघालेल्या यंत्राच्या खोक्यात कोंबले. खोके उघडले ते गोंदियाच्या राइस मिलमध्ये. तिथे कामाला असलेल्या ओमेशने मला हाताने सरळ केले आणि आपल्या गावी, दवनीवाड्याला, जपानी शिकणाऱ्या बहिणीसाठी, रुचीसाठी नेले.

मित्रांनो, रुची बी.एस्सी. झालेली, गोंदियाच्या छापखान्यात नोकरीला. मालक केवलराम यांना जपानी जाहिरातींची अक्षरे जुळवण्याचे काम मिळणार होते. अट एकच, रुचीने जपानी शब्दांची परीक्षा पास करायची. पहिल्या वेळी तिला पन्नासपैकी एकोणीस गुण मिळाले. पुस्तकातले शब्द काळे आणि एका मापाचे होते. जाहिरातीतले उभे, तिरपे, लाल, फुगलेले. आता शेवटची संधी उरली होती. ती हुकली तर काम नागपूरला जाणार होते.

रुची माझ्यावरचे शब्द घोकत बसे. तिची मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, धुरपताबाई आठवडी बाजारात भाजी विकतात. त्यांना ते बघवेना.

“घोकून का होते व? तू दुकान मांड. मी गिऱ्हाईक.”

रोज संध्याकाळी मी अंगणात पसरू लागले. मोठीमाय चित्रावर बोट ठेवत, रुची जपानीत भाव सांगे. ‘तोकुबाई’, म्हणजे खास विक्री, ऐकून त्या नाक मुरडत. ‘हांगाकु’, म्हणजे अर्धी किंमत, ऐकल्याशिवाय जागच्या हलत नसत. ओमेश म्हणे, अशा गिऱ्हाइकापायी जपानचं दुकान बुडेल. फक्त ‘शिनमाइ’, म्हणजे नवा तांदूळ, आला तेव्हा त्यांनी घासाघीस केली नाही.

“नव्या तांदुळाले कोन अर्धा भाव मांगते?”

परीक्षेच्या दिवशी रुचीने मला पिशवीतून छापखान्यात सोबत नेले. संगणकावर लाल, उभी अक्षरे झळकू लागली आणि ती बाजारातल्यासारखी भराभर बोलत सुटली. केवलराम खुर्ची सोडून उभे राहिले.

मित्रांनो, छापील कागद फेकण्याआधी एकदा उलगडून बघा. त्यावरचे प्रत्येक अक्षर कोणीतरी मन लावून जुळवलेले असते.

निकाल त्याच दुपारी आला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.