सव्वीस वसंतांची मोजणी

फ्योर्डच्या खाडीचं पाणी: चार अंश.

ऑडवारच्या डाव्या बुटात पाणी शिरतं. नवे घ्यायला तो तयार नाही.

चिकटलेलं मोजायचं नाही.

शुक्रवारी केक, बदामाचा. टोरहिल्डला क्रीम सोसत नाही.

दुखतंय: उजवी मान, उजवा अंगठा.

दर मंगळवारी ऑडवार बोटीवरून बाटलीभर पाणी आणायचा आणि टोरहिल्ड त्यात आयोडीन टाकायची. पाण्यातलं सूक्ष्म शैवाल मरून तळाला बसायचं. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती एकेक पेशी मोजायची, अंगठ्याने मोजणीयंत्राचा खटका दाबत. काचेच्या डबीसारख्या पेशी, माळेत ओवल्यासारख्या. त्यांना काही चिकटलेलं दिसलं तर ते घाण समजून सोडायचं, पेशी मात्र मोजायची. हा नियम संशोधन केंद्राच्या जुन्या प्रमुखाने घालून दिला होता आणि तिने सव्वीस वर्षं पाळला. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. त्याच दिवशी सव्वीस वसंतांचे आकडे तिच्या सहीने छापायला जायचे होते.

या मंगळवारी आताची केंद्रप्रमुख इंगुनने एका नमुन्यातलं आयोडीन धुऊन काढलं आणि अंधारात उजळणारा नवा रंग घालून पाहिला.

"ये, बघ जरा."

टोरहिल्डने डोळा लावला. काळ्या पाण्यात निळे गोळे उजळले होते. एकेका पेशीवर दोन-दोन, तीन-तीन.

"बुरशी आहे," इंगुन म्हणाली. "मुळं आत घालते आणि पेशी शोषून घेते. मागे राहतं ते नुसतं कवच."

"मी यांना धडधाकट म्हणून मोजलंय."

"कितींना?"

"सगळ्यांना."

ऑडवार दारात बूट उपडा करून पाणी झाडत होता. "काय गं, पाण्यात नाताळचे दिवे लागले की काय?"

"बूट बाहेर झाड आधी."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला आजारी पाणी आणून देत होतो."

"आणि मी ते ठणठणीत असल्याचे दाखले देत होते."

ऑडवार कॉफी आणायला गेला.

"जुने नमुने काढू," इंगुन म्हणाली. "पुन्हा मोजता येतील."

"कुठून काढणार? मोजून झालं की ओतायचं, बाटली धुवायची, पुन्हा बोटीवर. बाटल्या कधी पुरल्यात का इथे?"

इंगुनने नमुन्याची बाटली बंद केली. "मग आकडे आहेत तसे जाऊ देत. शुक्रवारी केक खा आणि घरी जा. नियम काही तुझा नव्हता."

"खटका माझा होता."

टोरहिल्डने कपाटातून तक्त्यांचे गठ्ठे उतरवले. दर वसंताच्या पहिल्या पानावर शाईने लिहायला घेतलं: जिवंत पेशींच्या संख्येवर विसंबू नये, बुरशी मोजलेली नाही. खाली सही. सातव्या वर्षाच्या पानापर्यंत अंगठा आखडला. तिने पेन मुठीत धरलं. ऑडवारने कॉफी ठेवली, ती गार झाली, त्याने दुसरी आणली. इंगुन शेजारी येऊन बसली आणि पुढचं पान उघडून देऊ लागली.

सव्विसावी सही झाली तेव्हा टोरहिल्डने चष्मा काढून डोळे मिटले.

"छापणार नाहीत ते आता," इंगुन म्हणाली.

"नकोत."

एप्रिल १९९८मध्ये, कामाला लागून तिसऱ्या आठवड्यात, टोरहिल्डने जुन्या प्रमुखाला विचारलं होतं की पेशींना चिकटलेले हे गोळे कसले; तो म्हणाला होता, घाण आहे, मोजू नकोस.