हिशेबातली माया

टेलरमास्तर एरवी कोणाला हार जाणारे नव्हेत, पण खासगी दवाखान्याच्या बिल काउंटरवर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांच्या लेकीला, चिमणीला, थॅलेसेमिया. शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी ते चढवायचं, आणि तेही वर्षानुवर्षं. लांबच्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्यात अख्खा दिवस जाई, शाळा बुडे. इथे दुपारपर्यंत मोकळं. प्रश्न एकच होता, झेपेल का?

मास्तरांनी घरूनच दहा वर्षांचा अंदाज काढून आणला होता. रक्ताची पिशवी, तपासण्या, खाट, अंगात साठणारं लोह काढायचं औषध, सगळं धरलेलं. झेपत होतं, अगदी काठावर.

काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला. "रक्त वजनावर देतात, मास्तर. तुम्ही दहाही वर्षं अठरा किलोच धरलंय."

"तेवढंच भरतं ना तिचं."

मास्तरांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, लोकांच्या पोरींच्या फ्रॉकला शिवणीत चार बोटं माया सोडता, वाढतं अंग म्हणून. आपल्या पोरीच्या हिशेबात एवढीशीही माया नको?"

बाईंना हसू फुटलं. मास्तर मात्र कागदावरच्या अठराच्या आकड्याकडे पाहत राहिले. आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून ही पोर मोठी होईल असं त्यांनी मनात धरलंच नव्हतं, आणि हे त्यांना आत्ता उमगलं.

"होतात मोठ्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"लहानपणापासून आमच्याकडे येणारी एक आता वकील झालीय. बिलावरून माझ्याशीच भांडते."

मग बेरीज नव्याने सुरू झाली. वीस किलो, पंचवीस, पस्तीस. एका पिशवीच्या दोन झाल्या. रक्कम आवाक्याबाहेर चालली तसा मास्तरांचा चेहरा खुलत गेला. असा माणूस त्या काउंटरने पाहिला नसेल. बायकोने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की मास्तरांनी कमीपणाचं म्हणून नाकारलेलं शाळेच्या गणवेशांचं काम घ्यायचं. "काजं-बटणं मी करते, तुमचे नखरे बंद," ती म्हणाली. मास्तरांनी मुकाट्याने मान हलवली.

"शेवटच्या वर्षी किती धरू? पंचेचाळीस?" बाईंनी विचारलं.

इतका वेळ खुर्चीवर पाय हलवत बसलेली चिमणी म्हणाली, "पन्नास. मी बाबांपेक्षा उंच होणार आहे."

पाच किलो म्हणजे पुन्हा खर्च वाढला. मास्तरांनी डोळे पुसले.

"पन्नास लिहा," ते म्हणाले.