सेफिनाच्या चपलांची रांग

सेफिना चार वर्षांची होती. दुपारचं खाणं झालं की ती बालवाडीच्या दारात फतकल मारून बसायची आणि सगळ्यांचे बूट-चपला रांगेत लावायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. एक जोड उचलायची, विचार करायची, ठेवायची, पुन्हा उचलून दोन जागा पुढे सरकवायची. अर्धा-पाऊण तास हेच.

आमच्या पोरिरुआ शहरातल्या बालवाडीत प्रत्येक मुलाची एक जाडजूड वही असते. मूल काय करतं त्याचे फोटो तिच्यात चिकटवायचे आणि त्यातून ते काय शिकलं हे आम्ही शिकवणाऱ्या बायांनी लिहायचं. घरच्यांनीही लिहावं, असं आम्ही म्हणतो. पण सामोआ बेटांवरून इथे आलेल्या सामोअन घरांतून वह्या बहुतेक जशाच्या तशा परत येतात. मी स्वतः सामोअन आहे. माझी आईसुद्धा म्हणाली असती, "शाळेतल्या बाई तुम्ही, मग मला काय विचारता?"

मी तीन वेगवेगळ्या दिवशी सेफिनाचे तीन फोटो काढले आणि खाली लिहिलं, 'सेफिना वस्तू आकारानुसार लावायला शिकते आहे. ही गणिताची सुरुवात.' शुक्रवारी वही घरी गेली.

सोमवारी सकाळी तिचे वडील इआकोपो वही घेऊन दारात उभे. ते बस चालवतात. एरवी मुलीला सोडून धावत सुटतात.

"मिस फिलो, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"माझ्या मुलीला लोकांच्या चपला का लावायला लावता?"

मी गडबडलेच. "अहो, आम्ही नाही लावत. ती आपणहून करते."

"आपणहून? घरी स्वतःची चप्पल कधी जागेवर ठेवत नाही ती!"

"तिला आवडतं. त्यातून गणित येतं."

"चपलांतून?" ते हसले नाहीत.

मी घाईघाईने फोटो उघडला. "हे बघा ना, मोठ्यापासून लहानापर्यंत..." आणि माझीच जीभ अडली. पहिले होते स्वयंपाकाच्या मेरेबाईंचे भलेमोठे गमबूट. तिथेच मी फसले होते. त्यांच्या शेजारी विरेमुचे इवलेसे सँडल, मग पुन्हा मोठे बूट, मग लहान. आकाराचा काही पत्ताच नव्हता. फोटो मीच काढलेले, मीच चिकटवलेले, आणि नीट पाहिले मात्र नव्हते.

"मग हे काय आहे?" इआकोपोंनी विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पालकांसमोर पहिल्यांदाच बोलले.

बुधवारी संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले. तुइलिमा वृद्धाश्रमात काम करते आणि मनातलं लगेच बोलून टाकते. फोटो बघून ती म्हणाली, "यात न कळण्यासारखं काय आहे? चर्चनंतरचं रविवारचं जेवण आहे हे. आधी पास्टर, मग थोरले, पोरं शेवटी."

"मग विरेमु दुसरा कसा?" इआकोपो म्हणाले. "तो काय पास्टर आहे?"

तुइलिमाने फोटो उलटासुलटा करून पाहिला. "तेही खरंच."

आम्ही तिघं मोठी माणसं लहानशा खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि जिची वही, ती शेजारी केळं खात होती. शेवटी मी तिलाच विचारलं.

"सेफिना, हे काय गं?"

"मेरेबाई," तिने बोट ठेवलं. "मग विरेमु. त्याची आजी येते. मग अनाहेरा."

"पण त्या चपला करतात काय?"

"जातात."

"कुठे?"

"घरी!" आम्हाला एवढंही कळू नये याचा तिला कंटाळा आला होता.

मी उठून सगळ्यांच्या जाण्याच्या वेळांचं रजिस्टर आणलं. दोन नावं सोडली तर सगळी रांग घरी जाण्याच्या क्रमाने बरोबर. मंगळवारच्या फोटोत अनाहेरा पुढे सरकली होती, कारण मंगळवारी तिला लवकर नेतात. घड्याळ न कळणाऱ्या पोरीने हे सगळं कसं ध्यानात ठेवलं, देव जाणे.

"शेवटचे कुणाचे?" तुइलिमाने विचारलं.

"माझे."

"आणि मिस फिलोचे?"

"ती जात नाही. ती इथेच राहते."

तुइलिमा खळखळून हसली. इआकोपो मात्र फोटोतल्या शेवटच्या जोडाकडे पाहत राहिले. त्यांची पाळी पाच वाजता संपते. साडेपाचपर्यंत सेफिना आणि मी, दोघीच असतो.

"वाईट वाटतं का गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने केळ्याचं साल नीट घडी घालून ठेवलं. "शेवटी मी असते," ती म्हणाली. यात दुःख होतं की ऐट, ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

इआकोपोंनी सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली आणि पुढच्या सोमवारी तीन वाजताच हजर झाले. चेहरा असा फुललेला. सेफिनाने त्यांना पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"अजून नाही! अजून विरेमु आहे! तुम्ही नंतर!"

"अगं, तुझ्यासाठीच लवकर आलो ना मी!"

ती रडून लाल झाली. ते माझ्याकडे वळले. "आता काय करू, मिस?"

"बसा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ते बसले. विरेमुची आजी आली. सेफिनाने डोळे पुसत त्याचे सँडल नेऊन दिले. मग अनाहेराचे. एकेक करत सगळे गेले. साडेपाचला तिने स्वतःच्या चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "चला, बाबा."

जाण्याआधी त्यांनी वही मागितली. पेनाचं टोपण काढलं आणि सेफिनाकडे वळले. "काय लिहू गं?"

"लिहा, बाबा लवकर आले आणि चुकले."

त्यांनी तसंच लिहिलं. मग मला विचारलं, "यातून ती काय शिकली म्हणायचं?"

मी माझं आकाराचं वाक्य खोडलं होतं. त्याच्या जागी गणित लिहावं, वाट पाहणं लिहावं की आणखी काही, ते मला ठरवता येईना. आजही येत नाही.

मंगळवारपासून ते जुन्या पाळीवर परतले. सोमवारची पाळी तेवढी बदललेली ठेवली. दर सोमवारी तीन वाजता येतात आणि त्या लहानशा खुर्चीवर बसून राहतात. पुढचे दोन सोमवार सेफिनाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या सोमवारी तिने त्यांचे काळे बूट पायातून ओढून काढले आणि रांगेत अगदी शेवटी, आपल्या चपलांना लागून ठेवले.